शांभवीचे चांगले तास

मी चावीवाला. म्हणजे कुलपाच्या चाव्या करणारा नव्हे. रस्त्याखाली पाण्याच्या मोठ्या नळ्या असतात, त्यांच्यावर व्हॉल्व्ह असतात, आणि माणसाच्या छातीएवढ्या लोखंडी चावीनं ते फिरवून ज्या त्या गल्लीला पाणी सोडायचं, हे माझं काम. आमच्या शहरात पाणी पाचव्या दिवशी येतं. माणसं चंद्रावर राहायला गेली तरी तुमचं पाणी पाचव्याच दिवशी का ओ, असं लोक मला विचारतात आणि वर शिव्या घालतात. धरण मी बांधलेलं नाही, पण शिवी मला. पंधरा वर्षं खातोय, आता त्याचं काही वाटत नाही.

हे आधी सांगायचं कारण, माझ्या पोरीच्या जिवावर बेतलं ते या पाचव्या दिवसापायी. आणि खरं बोलायचं तर माझ्यापायी.

शांभवी माझी थोरली, नऊ वर्षांची. धाकटी गिरिजा सात वर्षांची. शांभवी शाळेतून आली की डोकं धरून बसायची. आम्ही तिला चष्मा केला. मग नाकातून रक्त यायला लागलं. उष्णता असेल म्हणून बायकोनं, महानंदानं, महिनाभर गुलकंद खायला घातला. शेवटी चौकातल्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून प्रेशर बघितलं आणि मशीन बिघडलंय म्हणून दुसरं आणलं. दुसऱ्यावरही एकशे सत्तरच. नऊ वर्षांच्या पोरीला! डॉक्टर माझ्याकडे बघेनात. पुण्याला न्या, म्हणाले.

पुण्यात डॉ. तहसीन पटवेगार भेटल्या. लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांच्या सर्जन. त्यांनी हाताचं प्रेशर बघितलं आणि मग पायाचं. पायाचं प्रेशर असतं हेच मला ठाऊक नव्हतं. हाताचं एकशे सत्तर, पायाचं ऐंशी.

त्यांनी कागदावर काढून दाखवलं. "हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी वाहिनी, महाधमनी, पोटात खाली येते. शांभवीची ती जन्मतःच पोटाशी आवळलेली आहे. आणि आवळल्या जागेच्या लगेच खाली दोन्ही किडन्यांच्या फांद्या फुटतात. किडनीला वाटतं, अंगातलं रक्तच कमी झालं. मग ती एक रसायन सोडते. त्यानं वाहिन्या घट्ट होतात, मीठ-पाणी अंगात साठतं, प्रेशर चढतं. पण चढतं ते वर, मेंदूत आणि हृदयात. खाली किडनीला मिळायचं तेवढंच मिळतं. म्हणून ती आणखी सोडते."

"कळलं," मी म्हणालो. "आमच्याकडेही असंच आहे. गल्लीच्या शेवटच्या घरांना पाणी पोचत नाही, ती बोंब मारतात, ऑफिस वरून प्रेशर वाढवतं, मधल्या चौकात नळी फुटते. शेवटची घरं कोरडी ती कोरडीच."

मॅडम हसल्या. "कोरे, मी माझ्या विद्यार्थ्यांना आता हेच सांगणार."

"मग शेवटच्या घरांचं तोंड बंद करायचं औषध द्या की."

त्यांचं हसू गेलं. "देता येतं. पण मग प्रेशर उतरतं आणि किडनीला आहे तेही मिळत नाही. डावी तर आत्ताच आक्रसली आहे. औषध जास्त दिलं तर किडन्या जातात, कमी दिलं तर मेंदूत रक्तस्राव. मधल्या मध्ये फार तर सात-आठ महिने काढता येतील."

उपाय एकच होता. आवळलेला तुकडा काढून तिथं जिवंत नळी बसवायची. शांभवीच्याच पेशींपासून ती नळी प्रयोगशाळेत वाढवायची, म्हणजे पोरगी वाढेल तशी नळीही वाढेल. वाढायला पाच महिने लागणार. तयार झाली की चार दिवसांच्या आत बसवायची, नाहीतर टाकून द्यायची.

आणि ऑपरेशन आधी शांभवीवर करायचंच नाही. आधी प्रतिदेहावर करायचं.

प्रतिदेह म्हणजे कॉम्प्युटरमधली दुसरी शांभवी. तिच्या शरीरातल्या रक्ताचा हिशोब पाच महिने रात्रंदिवस घ्यायचा, त्यावरून तिची हुबेहूब नक्कल उभी करायची, आणि त्या नकलेवर हजार वेळा ऑपरेशन करून बघायचं. नक्कल मेली तरी चालते. कशानं मेली ते शिकायचं आणि तसं खऱ्या मुलीवर करायचं नाही. पूर्वी रंग टोचून फोटो काढत, पण तो रंग दुखऱ्या किडनीला विष, म्हणून ते आता कुणी करत नाही. सगळा भरवसा प्रतिदेहावर. हा हिशोब घ्यायला शांभवीच्या हातात एक कडं आणि पायात एक वाळा घातला. दिसायला प्लॅस्टिकची, पण क्षणाक्षणाचं प्रेशर पुण्याला जायचं.

आता माझी करणी ऐका.

पाण्याचा दिवस म्हणजे आमच्या गल्लीत सणच. नळाला पहिली गुळगुळ झाली की हांडे, बादल्या, पिंपं, पोरांचा धिंगाणा. शांभवीचा जीव या दिवसात अडकलेला. पहिल्याच पाण्याच्या दिवशी ती कळशी घेऊन दोनदा जिना चढली, कड्यानं लाल दिवा लावला, पुण्याहून फोन आला, ताबडतोब ॲडमिट करा. चार दिवस पोर हॉस्पिटलात पडून. निघालं काहीच नाही. परत येताना एसटीत ती मला म्हणाली, "अप्पा, मला आता पाणी कधीच भरता येणार नाही का?"

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी चावी घेऊन निघालो आणि जाता जाता महानंदाला म्हणालो, "अगं, दोन तासांचा प्रश्न आहे. तेवढा वेळ कडं-वाळा गिरीला घाल. पोरीला खेळू दे जरा."

झालं. इतकंच बोललो. नव्या कड्यांना आता ज्याच्या त्याच्या बोटाचा ठसा लागतो म्हणे, तेव्हा लागत नव्हता. पाच महिने, दर पाण्याच्या दिवशी, नळ सुरू झाला की कडं गिरिजाच्या हातात आणि नळ फुसफुसायला लागला की परत शांभवीच्या. शांभवी अंगणात पाणी उडवत हसायची. मला वाटायचं, बाप म्हणून हे एक तरी आपण बरं केलं.

सोमवारी नळी तयार झाली. गुरुवारी सकाळी सहाला ऑपरेशन. मंगळवारी दुपारी मॅडमनी आम्हा दोघांना प्रतिदेह दाखवायला बोलावलं.

पडद्यावर शांभवीचं पोट, आतून. लाल, धडधडणारं. महानंदानं पदर तोंडाला लावला. मॅडम मात्र खुशीत होत्या.

"नळी बसवताना महाधमनी एकतीस मिनिटं पूर्ण बंद ठेवावी लागेल. तेवढा वेळ किडन्यांना वरून रक्त नाही. मला याचीच भीती होती. पण प्रतिदेह म्हणतो, दोन्ही किडन्या तरतील. का, तर शांभवीच्या शरीरानं स्वतःच्या आडवाटा तयार केल्यात. आवळलेल्या जागेला वळसा घालून जाणाऱ्या बारीक वाहिन्या. त्या पुरेशा आहेत."

"हे कशावरून कळलं?" मी सहज विचारलं.

"हे बघा." त्यांनी पाच महिन्यांची लांबच लांब रेघ दाखवली. वर हाताचं प्रेशर, खाली पायाचं, दोघांत मोठी दरी. आणि मध्येच ती दरी मिटलेली. पुढं पुन्हा दरी, पुन्हा मिटलेली. "दर काही दिवसांनी दोनेक तास हातापायाचं प्रेशर सारखं होतं. अगदी निरोगी मुलीसारखं. आडवाटा पूर्ण उघडल्याशिवाय हे शक्यच नाही. आमच्या टीमनं त्याला नावही दिलंय. शांभवीचे चांगले तास."

मी तारखा बघितल्या. पाच, दहा, पंधरा, वीस. आमच्या पाण्याच्या तारखा. महानंदानं माझा दंड इतका जोरात आवळला की नखं रुतली. मॅडमना वाटलं आम्हाला आनंद झाला.

बाहेर पॅसेजमध्ये आल्याबरोबर ती म्हणाली, "तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

"अगं, त्या आडवाटा गिरीच्या..."

"गप्प बसा म्हणते ना! खोटी माहिती निघाली की ऑपरेशनच्या यादीतून नाव कापतात, माहितीये ना? तो बार्शीचा पोरगा आठवतोय? त्याच्या आईनं एक दिवस कडं काढून ठेवलं होतं तर त्याची फाईल बंद केली. परत माहिती गोळा करायला तीन आठवडे, तोवर नळी गेली कचऱ्यात. नवीन नळीला पाच महिने. शांभवीकडे आहेत का पाच महिने? सांगा ना! आहेत?"

"नाहीत."

"मग? डॉक्टर आहेत त्या. पोट उघडल्यावर दिसेलच की त्यांना."

"आणि नाही दिसलं तर?"

ती मटकन बाकावर बसली. "तुम्हीच म्हणाला होता गिरीला घाल. मी विचारलं होतं, चालेल का ओ? तुम्ही म्हणालात, काय होतंय." ती रडत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

संध्याकाळी मी गिरिजाला फोन केला. ती माझ्या बहिणीकडे होती. म्हटलं, "गिरी, पाणी आल्यावर तू कडं घालायचीस तेव्हा काय करायचीस गं? खेळायचीस का?"

"नाही अप्पा. मी पायरीवर बसायची."

"का?"

"मी हलले आणि लाल दिवा लागला तर ताईला परत नेतील ना. म्हणून हलायचीच नाही. श्वास पण हळू घ्यायची." मग तिनं विचारलं, "अप्पा, मी चुकून एकदा शिंकले होते. त्यानं काही झालं नाही ना?"

अख्खी गल्ली पाण्यात नाचत असताना माझी सात वर्षांची पोर दोन तास पायरीवर दगडासारखी बसायची. आणि पुण्यातल्या शहाण्या लोकांनी त्याला नाव दिलं, चांगले तास.

नोकरीला लागलो त्या वर्षीची गोष्ट. मुख्य लाईन दुरुस्तीसाठी बंद करायची होती. नकाशात होतं, मागच्या बाजूनं जोडलाईन आहे, दवाखान्याच्या भागाला तिथून पाणी जाईल. मी नकाशावर विसंबून चावी फिरवली. ती जोडलाईन कुणी टाकलीच नव्हती, नुसती कागदावर होती. दवाखान्याचा अख्खा भाग तीन दिवस कोरडा. तेव्हा निदान नकाशा दुसऱ्यानं केलेला होता. या वेळी खोटी लाईन मीच काढून दिली होती, तीही माझ्या पोरीच्या पोटात.

बुधवारी सकाळी मॅडम यायच्या आधीच मी त्यांच्या दाराशी उभा होतो. महानंदाला सांगितलं नव्हतं. त्या आल्या, मी आत गेलो आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

त्या उठून खिडकीशी गेल्या.

"कोरे, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत? तुम्ही मला खोटी मुलगी दिलीत आणि खरी कापायला सांगितलीत. उद्या सकाळी मी एकतीस मिनिटं महाधमनीला क्लॅम्पचा चिमटा लावून निवांत टाके घालत बसले असते. निवांत! प्रतिदेह म्हणतोय म्हणून."

"माझं चुकलं मॅडम."

"चुकलं म्हणून काय होतंय? मला हे ऑपरेशनला मंजुरी देणाऱ्या समितीला कळवावं लागणार. एकवीस दिवसांची स्वच्छ माहिती लागेल. नळी शुक्रवारी संपते." त्या माझ्याकडे वळल्या. "का केलंत असं?"

"तिला पाणी भरायचं होतं," मी म्हणालो. दुसरं काही खरं कारण नव्हतंच.

त्या खुर्चीत बसल्या. मी मोबाइल काढून त्यांच्या पुढं धरला. "मॅडम, हे एक बघा. आता आमच्या चावीलाही यंत्र बसवलंय. व्हॉल्व्ह उघडला, बंद केला, की वेळ आपोआप नोंदली जाते. ही आमच्या गल्लीची नोंद, पाच महिन्यांची. कडं बदललं ते फक्त नळ चालू असताना. एवढे तास काढून टाका. बाकीची सगळी शांभवीच आहे. सगळी खरी."

"तुमची बायको अगदी मिनिटाच्या हिशोबानं बदलत होती?"

"नाही," दारातून आवाज आला. महानंदा. कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "पण नळ यायच्या आधी कधीच नाही, आणि पाणी गेल्यावर हांडे आत घेऊन होईपर्यंत. पुढं-मागं अर्धा अर्धा तास धरा. अर्धा तास म्हणजे पुष्कळ झाला." माझ्याकडे तिनं बघितलंही नाही.

मॅडमनी तारखा ताडून बघितल्या. एकेक चांगला तास आमच्या नळाच्या वेळेवर जाऊन बसत होता. तीस दिवस, तीसच्या तीस. त्यांनी फोन उचलला आणि समितीच्या कुणाशी तरी अर्धा तास भांडल्या. शेवटचं वाक्य तेवढं मला ऐकू आलं, "ठीक आहे, मंजुरीची हिरवी खूण देऊ नका. माझ्या सहीवर करते."

प्रतिदेह नव्यानं उभा राहायला नऊ तास लागले. संध्याकाळी आम्ही पुन्हा त्या पडद्यासमोर बसलो. मॅडमनी आधी जुनाच बेत चालवला. महाधमनी बंद. घड्याळ पळायला लागलं. चौथ्या मिनिटाला डावी किडनी काळवंडली. बाराव्याला उजवी. एकतिसाव्या मिनिटाला नळी छान बसली, रक्त सोडलं, आणि दोन्ही किडन्या तशाच काळ्या. पडद्यावरची पोरगी जिवंत, पण किडनी एकही नाही.

"आडवाटा नाहीतच," मॅडम म्हणाल्या. "तिला एकही नाही."

मी तोंड फिरवलं. महानंदानं फिरवलं नाही. "आता यावर काय ते बोला," ती म्हणाली.

"मुख्य लाईन बंद करताना तात्पुरती लाईन टाकता की नाही तुम्ही लोक?" मॅडमनी मला विचारलं.

"टाकतो. वेळ जातो, पण टाकतो."

"तेच. आधी हृदयाच्या बाजूनं एक तात्पुरती नळी थेट उजव्या किडनीला जोडायची आणि मग क्लॅम्प. ऑपरेशन दुप्पट लांबणार, रक्त जास्त जाणार. सातशे वेळा करून बघितलं. डावी किडनी वाचत नाही. उजवी दहातल्या सहा वेळा वाचते. आणि दहातल्या एका वेळी मुलगीच वाचत नाही."

"आणि काहीच केलं नाही तर?"

"दिवाळी बघणार नाही."

काल याच संमतीच्या कागदावर हिरवी खूण होती आणि दोन्ही किडन्यांचं वचन होतं. आज खूण नाही, वचन नाही, नुसती सहीची रेघ. काल ते सगळं खोटं होतं हे मला कळत होतं, तरी ते परत मिळावं असं वाटत होतं. मी सही केली. महानंदानं केली.

गुरुवारी सहाला शांभवीला नेलं. जाताना तिनं विचारलं, "अप्पा, आज पाण्याचा दिवस ना?"

"हो."

"मग तुमच्या ऐवजी चावी कोण फिरवणार?"

"आहे एकजण. तू काळजी करू नको."

"शेवटच्या घरांना पोचेपर्यंत बंद करू नका म्हणावं त्याला," ती म्हणाली. हे मी घरी रोज बोलायचो, ते तिनं ऐकून ठेवलेलं.

दीडला मॅडम बाहेर आल्या. टोपीखाली कपाळावर वळ उमटलेला. "नळी बसली. शांभवी जिवंत आहे. डावी काढावी लागली. उजवी..." त्यांनी हात उलटा केला. "रंग आलाय. काम करते की नाही ते लघवी आली तर कळेल. सहापर्यंत वाट बघू. नाही आली तर रात्रीपासून डायलिसिस, आणि मग बहुतेक कायमचं."

आयसीयूत एकेकाला सोडत होते, पण नर्सनं आम्हा दोघांनाही उभं राहू दिलं. शांभवीच्या अंगाला किती नळ्या होत्या ते सांगत नाही. मी एकाच नळीकडे बघत होतो. पलंगाखालून एक पारदर्शक नळी निघून पिशवीत जात होती. पिशवी कोरडी.

तीन वाजले. साडेतीन. चार. पंधरा वर्षं मी नळ्यांना कान लावून बसलोय, पाणी कुठवर आलं ते सांगत आलोय. इथं काहीच ऐकू येत नव्हतं. मी मनात म्हणत होतो, माझी घे, माझ्या दोन्ही घे, हिची एक चालू कर. कुणाला म्हणत होतो कुणास ठाऊक.

महानंदा दोन दिवसांत माझ्याशी कामापलीकडे बोलली नव्हती. पाचला ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं नसतं तर आज दोन्ही गेल्या असत्या." मग जरा वेळानं, "आणि तुम्ही ते कडं गिरीला घालायला सांगितलं नसतं तर हे सगळं झालंच नसतं. दोन्ही खरं आहे. मला आयुष्यभर दोन्ही आठवणार." मी मान हलवली.

साडेपाच. नर्स डायलिसिसचं मशीन तयार करायला लागली. तिच्या हातांकडे बघवेना.

पावणेसहाला मोबाइल थरथरला. माझ्या बहिणीचा व्हिडिओ कॉल. मी पडद्याआड सरकलो, पण नळी दिसत राहील असा. बहीण वैतागलेली. "मल्लू, या पोरीला काहीतरी सांग बाबा. सकाळी सहापासून पायरीवर बसली आहे. जेवली नाही, पाणी प्यायली नाही, बाथरूमला गेली नाही. उठवायला गेलं की रडते. तुझ्याशीच बोलायचं म्हणते."

गिरिजाचा चेहरा आला. ओठ सुकलेले. दोन्ही हात मांडीवर, पाय जुळवलेले, ताठ. हातात कडं नव्हतं, पायात वाळा नव्हता. तरी ती तशीच बसली होती, जशी पाच महिने बसत आली होती.

"अप्पा," ती अगदी हळू बोलली, ओठसुद्धा फार न हलवता. "ताईचं झालं का? मी आता हलू का?"

मी नळीकडे बघितलं. नळीच्या तोंडाशी काहीतरी चमकलं. पिवळसर, एवढंसं. ते तिथंच अडकून राहिलं, थरथरलं, आणि खाली घरंगळत पिशवीत पडलं. नर्सनं मशीनवरचा हात थांबवला. महानंदानं भिंत धरली.

एकच थेंब होता. त्याच्या मागं दुसरा येईल की नाही ते कुणालाच माहीत नव्हतं.

"हल गं बाई," मी म्हणालो. "ऊठ. पाणी पी, जेव, पळ, शिंक, काय वाटेल ते कर. तुझ्यामुळं ताईला काही झालेलं नाही. ऐकलंस? तुझ्यामुळं काहीच झालेलं नाही."

ती उठली. पायाला मुंग्या आल्या असाव्यात, दोनदा धडपडली. मी मोबाइल तसाच हातात धरून पुन्हा नळीकडे बघत राहिलो.